डाव्या हातानं काढलेली चित्रं

किळस ही गोष्ट सुषमाबाईंना नवी नव्हती. मोरिवलीच्या ज्या शाळेत त्या चित्रकला शिकवत, तिच्या मागच्या भिंतीला लागूनच नाला होता, आणि कारखान्यांच्या बाजूनं येणारं ते पाणी नाकाला रुमाल लावल्याशिवाय बघवत नसे. पण नाल्याची किळस नाकापुरती. खिडकी लावली की जाते. उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका दुकानात त्यांना जी किळस आली ती पोटात उतरली आणि तिथेच मुक्काम ठोकून बसली.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

चित्रकलेचा तास म्हणजे त्या शाळेतला कुणीही उचलून न्यावा असा तास. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या चित्रकला. इंग्रजीची चाचणी आहे, घ्या चित्रकला. सुषमाबाई त्याला सरावल्या होत्या. बेलवलीच्या घरून निघायचं, शाळेत यायचं, जयंती-पुण्यतिथीला फळ्यावर ठळक अक्षरं काढायची, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे, पाहुणे आले की दारात रांगोळी घालायची. मुलांच्या हातात रंग द्यायला महिन्यातून एखादा तास मिळाला तरी नशीब. मग वरून हुकूम आला की प्रत्येक विषय कलेशी जोडून शिकवा, आणि अचानक सगळ्यांना सुषमाबाईंची आठवण झाली. बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. बाईंना मात्र खरंच आनंद झाला. एवढ्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला काम सांगितलं, असं त्यांनी घरी नवऱ्याला सांगितलं.

सुरुवात झाली ती सातवीच्या वर्गात, जिजामुळे. जिजा बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आईबाप भातशेती आणि जंगलातली कामं करायचे, आणि ही शिकायला मोरिवलीत विठा आत्याकडे राहायची. अंगानं काटकुळी, पण वादाला पक्की. एकदा तास चालू असताना ती खिडकीतून बघत होती. बाई ओरडल्या तर म्हणाली, "बाई, आज नाला भगवा हाय."

"भगवा? काढून दाखव बरं."

जिजानं केशरी रंग घेतला, कागदावर लावला, खिडकीपाशी नेऊन धरला आणि तोंड वाकडं केलं. जमलं नव्हतं. तपकिरी घातला. मग थोडा पांढरा. पुन्हा खिडकी. हळूहळू निम्मा वर्ग खिडकीशी गोळा झाला आणि जो तो आपला रंग पुढे करायला लागला. तासाची घंटा झालेली कुणाला कळलीही नाही.

तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थनेआधी दोघादोघांनी खिडकीशी उभं राहायचं, नाल्याचा रंग हुबेहूब जुळेपर्यंत मिसळायचा, आणि कार्डशीटच्या पट्टीवर तळहाताएवढा चौकोन रंगवायचा. खाली तारीख. विज्ञानाच्या सुजित सरांना हे फार आवडलं. ते हातमोजे घालून, दोरीला डबा बांधून पाणी वर काढायचे आणि मुलांना लिटमस कागद बुडवून दाखवायचे. गणितात त्याच चौकोनांचे स्तंभालेख झाले. भूगोलात मुलांनी नकाशा काढला, पाणी कुठून येतं आणि पुढे उल्हासनगराकडे कुठे जातं याचा. आणि मराठीच्या तासाला रंगांना नावं पडली. ही नावं मुलांनीच ठेवली होती, आणि बाईंनी त्यातलं एकही धुऊनपुसून घेतलं नाही. शिळ्या पिठल्याचा पिवळा. जखमेवरच्या औषधाचा जांभळा. मेलेल्या पालीचा पांढरा. ओकारीतला गुलाबी.

"आज कालचाच रंग आहे," एखादा मुलगा म्हणायचा.

"कालचाच नाय," जिजा लगेच भांडायला उभी. "कालच्यात जरा रगत व्हतं."

आणि सगळे पुन्हा खिडकीशी. पट्टी वर्गाच्या एका भिंतीवरून सुरू झाली, कोपरा वळली आणि दारापर्यंत आली. एवढ्या जवळून, एवढा वेळ कुठलीही गोष्ट बघणारी मुलं सुषमाबाईंनी आजवर पाहिली नव्हती. मुलं ते घाण पाणी बघत होती, आणि बाई त्या मुलांना.

उन्नती मॅडम, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, एके दिवशी वर्गात आल्या आणि दारातच थांबल्या.

"शी! हे काय लावलंय?"

"नाला आहे, मॅडम. रोजचा."

मॅडमनी दोनतीन नावं वाचली आणि पदर नाकाशी नेला, जणू कागदालाही वास असावा. "ओकारी? अहो, ही शाळा आहे ना? फुलं काढा, फुलपाखरं काढा. पुढच्या आठवड्यात समिती येतेय. कलेतून शिक्षणाची आदर्श शाळा निवडणारेत तालुक्यातनं. आणि त्या दिवशी कंपनीचे लोकही येणार आहेत. ज्यांनी आपल्याला बाकं दिली, पंखे दिले, त्यांना त्यांचंच सांडपाणी रंगवून दाखवायचं?"

'त्यांचंच' हा शब्द निसटला आणि मॅडमनी जीभ चावली. सुषमाबाईंनी सुजित सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं.

"उतरवा हे," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

पट्टी सुजित सरांनीच उतरवली. अगदी हलक्या हातानं टाचण्या काढल्या, गुंडाळी केली, आणि खेळाच्या खोलीत फाटक्या गाद्यांच्या मागे ठेवून आले. "सध्या राहू दे आत, सुषमाताई. समिती गेली की बघू." ते वाईट नव्हते. पण त्यांना हातमोजे घालूनच कामं करायची सवय होती, असं बाईंच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बाईंना बोलावलं. "कॅम्प चारला जाऊन या. हरेशभाईंना ऑर्डर दिलीय. माल नीट बघून टेम्पोत चढवून घ्या."

"कसला माल?"

"अहो, कलेचा! विज्ञान, भूगोल, गणित, सगळ्या विषयांचे तक्ते, मॉडेल. तुम्हाला कलेतलं कळतं म्हणून पाठवतेय."

हरेशचं दुकान एका गल्लीत होतं. एका बाजूला फर्निचर पॉलिशवाला, दुसऱ्या बाजूला जीन्स शिवणारे. आत शिरताच गोंदाचा आणि स्प्रेच्या रंगाचा उग्र वास आला. फळ्यांवर ओळीनं ज्वालामुखी मांडले होते, सगळे एकाच उंचीचे, सगळ्यांच्या तोंडाशी तोच लाल चिकट लाव्हा. त्याखाली जलचक्रं, कापसाचे ढग लावलेली. त्याखाली भूमितीच्या रांगोळ्या. सगळ्यांवर चमकी.

हरेशनं खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस मनमिळाऊ. "देखो मॅडम, दोन क्वालिटी आहेत आपल्याकडे. एक फिनिशवाली. दुसरी, मुलांनी केल्यासारखी. तुमच्या मॅडमनी दुसरी बोलली. ती थोडी महाग पडते."

"महाग? ती तर बिघडवलेली दिसतेय."

"वही तो! बिघडवायला टाइम लागतो ना."

बाईंना वाटलं, हा चेष्टा करतोय. पण मागच्या खोलीत चारपाच बायका बसून खरोखरच तेच काम करत होत्या. दारालगत कुंदा नावाची बाई गेरूच्या रंगाच्या मोठ्या पाटीवर पांढरी वारली माणसं काढत होती, त्रिकोणाला त्रिकोण जोडून. ब्रश तिच्या डाव्या हातात होता आणि उजवा हात तिनं मांडीखाली दाबून धरला होता.

"तुम्ही डावखुऱ्या का?" बाईंनी विचारलं.

"नाही ओ. उजव्यानं काढलं की सफाई येते, मग शेठ परत करतात. मुलांचं वाटत नाही ना." कुंदा हसली. "पहिल्यांदा मस्त वाकडं यायचं. आता डावा हातपण सुधारायला लागलाय मेला. पुढच्या वर्षी काय पायानं काढू?"

बाकीच्या बायका हसल्या. कुंदानं ब्रश पाण्यात खळबळला. "माझ्या पोराच्या शाळेनंपण इथूनच नेलं. मी गेले प्रदर्शनाला, तर माझंच जलचक्र, त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. माझा पोरगा बाजूला उभा राहून टाळ्या वाजवतोय."

सुषमाबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या तोंडात चहाची कडू चव फिरली. वेड्यावाकड्या रेषेसाठी त्या मुलांमागे किती लागायच्या: रबर बाजूला ठेव, फूटपट्टी बाजूला ठेव, तुझी रेष तुझी आहे. आणि इथे ती रेष घाऊक भावात तयार होत होती. मुलांचं अडखळणं, हात थरथरणं, रंग रेषेबाहेर जाणं, तेसुद्धा विकाऊ होतं.

हरेश मार्कर घेऊन आला. "पाठीमागे मुलांची नावं टाकून देऊ? अक्षरपण आम्ही मुलांसारखंच काढतो."

"काही टाकू नका," बाई एकदम तुटकपणे म्हणाल्या.

हरेशनं मार्कर खिशात ठेवला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "मॅडम, माझ्यावर कशाला रागावता? माझी मुलगीपण शिकते. मी तिला बोललो, बेटा, घर पे बना. दोन दिवस बसून बनवलं तिनं. टीचरनं परत पाठवलं. बोलली, पप्पांच्या दुकानातनं चांगलं आण."

बाईंनी माल टेम्पोत चढवून घेतला. परत येईपर्यंत थर्माकोलचे पांढरे दाणे त्यांच्या हातांना, साडीला, केसांना चिकटले होते. झटकले की इकडून तिकडे उडायचे आणि पुन्हा येऊन चिकटायचे. त्या रात्री जेवणाच्या ताटाच्या कडेलाही एक दाणा निघाला.

तरीही पुढचं सगळं त्यांनी केलं. कुणाला खरं वाटणार नाही, पण किळस आलेला माणूस लगेच उठून जातो असं नाही. बहुतेक वेळा तो नाक मुरडून तेच काम करत राहतो. बाईंनी शाळेच्या हॉलमध्ये तक्ते टांगले, ज्वालामुखीत सोडा घालायला एका मुलाला शिकवलं, जलचक्राशेजारी एकीला उभं केलं. प्रत्येकाला चारचार वाक्यं पाठ करायला दिली. 'हे मी स्वतः बनवले आहे' हे प्रत्येकाचं पहिलं वाक्य.

वारली पाटीशी मॅडमनी जिजाला उभं करायला सांगितलं. "आदिवासी आहे ना ती? छान दिसेल. तिला ते गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसवा, गळ्यात माळा घाला."

"मॅडम, ती वारली जमातीची नाही. ठाकरांची आहे."

"अहो, बाहेरच्यांना काय कळतंय? आदिवासी ते आदिवासी."

जिजाला कागद दिला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला. "बाई, आमच्यात असलं नाय काढत."

"माहीत आहे मला."

"आजीनं शिकवलं असं लिवलंय. आजी माझ्या जन्माआधीच गेली."

"जिजा, एवढं बोल. दोन मिनिटांचं काम आहे."

जिजानं कागदाची घडी घातली. रोज रंगावरून भांडणारी ती, या वेळी भांडली नाही, याचंच बाईंना जास्त लागलं.

समिती आली. चौघं होते, आणि प्रमुख हरिचंद्र साहेब, केस पिकलेले, बोलायला मृदू. कंपनीचे दोघं जण पुढच्या खुर्च्यांवर बसले. मुलींनी स्वागतगीत म्हटलं, गुलाबाची फुलं दिली गेली, सामोसे आले. ज्वालामुखी फसफसला, टाळ्या पडल्या. एकेक करत मंडळी वारली पाटीपाशी आली.

जिजा आखूड लुगड्यात अवघडून उभी होती. गळ्यातल्या प्लास्टिकच्या माळा तिला टोचत असाव्यात, कारण ती सारखी मान वळवत होती.

"वा! हे तुमच्या घरी भिंतीवर काढतात का गं?" साहेबांनी विचारलं.

"हे मी स्वतः बनवले आहे," जिजानं सुरू केलं. "ही कला मला माझ्या आजीने शिकवली. आमच्या घराच्या भिंती..." ती थांबली. तिनं पाटीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "आमच्या घराची भिंत पत्र्याची हाय." आणि मग सुषमाबाईंकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बाई, पुढचं बोलू का?"

हॉलभर हशा पिकला. साहेबांनी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोल की. पाठ केलंयस ना? मग बोल."

तो हात आणि ते हसू पाहून सुषमाबाईंना राहवेना. त्या पुढे गेल्या. "बोलू नकोस, जिजा. जा, कपडे बदलून ये." आणि साहेबांना म्हणाल्या, "हे हिनं काढलेलं नाही. इथलं काहीच मुलांनी केलेलं नाही. सगळं दुकानातनं आणलंय."

उन्नती मॅडमच्या हातातला फुलांचा गुच्छ खाली आला. सुषमाबाईंना वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. आरडाओरडा होईल, नोकरी जाईल, पण एकदा हे फुटेल तरी.

तसलं काहीच झालं नाही. हरिचंद्र साहेबांनी सामोशाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि विचारलं, "बाई, तुम्ही नवीन आहात का?"

"नाही."

"मग एवढं ठाऊक हवं तुम्हाला. परवा एका शाळेत गेलो होतो, तिथेही हाच ज्वालामुखी. फक्त त्यांचा जरा जास्त उसळत होता." समितीतली बाई फसकन हसली. साहेबही हसले. आणि मग कंपनीवाले हसले, सुजित सर हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं, सुटकेनं, उन्नती मॅडम हसल्या.

सुषमाबाई एकेक चेहरा बघत उभ्या राहिल्या. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की इथे कुणीतरी कुणालातरी फसवतंय. फसलेलं कुणीच नव्हतं. दुकानदाराला माहीत, बायकांना माहीत, मॅडमना माहीत, साहेबांना माहीत. ज्यांना खरं वाटावं म्हणून हा खटाटोप मांडला, असा एकही माणूस त्या हॉलमध्ये नव्हता. फक्त मुलांना खोटं बोलायला शिकवून झालं होतं, तेही फुकट.

"मग तुम्ही बघायला कशाला येता?" त्यांनी विचारलं.

"अहवाल पाठवायचा असतो हो." साहेब रागावले नाहीत. उलट त्यांना बाईंची दया आलेली दिसली. "बरं, तुमचं खरं काही आहे का? असेल तर दाखवा."

बाई स्वतः खेळाच्या खोलीत गेल्या, गाद्यांमागची गुंडाळी ओढून आणली आणि दोन टेबलांवर पसरली. सामोशांची ताटं बाजूला सारावी लागली. साहेब वाकून बघू लागले. पहिल्यांदा नुसतेच. मग खिशातून चष्मा काढला. बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर सरकू लागलं. नावं वाचताना ओठ हलत होते. एका ठिकाणी त्यांना खरंच हसू आलं, पाठ केल्यासारखं नव्हे.

"हे पाणी कुठलं?"

"मागच्या नाल्याचं. मुलं रोज सकाळी जुळवतात."

"आणि हा लाल दर आठवड्याला येतो, तो कारखान्यांच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी येतो की काय?"

"हो. मुलांच्या ते आलेखात लक्षात आलं."

साहेबांचं बोट त्या लाल चौकोनावरच थांबलं. कंपनीच्या एका माणसानं घसा खाकरला. तेवढ्यानं साहेब सरळ झाले. चष्मा काढला. "काम चांगलं आहे," ते हळूच म्हणाले, "पण हे फोटोत येऊ देऊ नका, बाई. वरून विचारणा होईल. तुम्हालाही आणि मलाही." त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी गुंडाळली, रंगीत बाजू आत घालून. आणि मग कागदी रुमाल घेऊन बोटं पुसली. एकेक बोट, नीट, नखापर्यंत. रंग तर केव्हाच वाळला होता.

सुषमाबाई तशाच बाहेर गेल्या आणि मोरीत ओकल्या.

शाळेची निवड झाली. मॅडमनी बाईंना जाब विचारला नाही की नोटीस दिली नाही. उलट पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकले, त्यात जिजा लुगड्यात साहेबांशेजारी उभी, आणि खाली 'मार्गदर्शक : सुषमा मॅडम' असं लिहिलेलं. हे वाचून बाईंनी फोन उशीखाली ढकलला. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विठा आत्या शाळेत आली. एका कंपनीत पॅकिंगला जायची, खाडा करून आली होती. "बाई, पोरीला काय नेसवलंत ह्ये? आख्ख्या चाळीनं फोटू बघितला. पोरं तिला नाचून दाखवायला सांगतात. आमच्यात असं नेसत नायत. तुमी शिकलेल्या, तुमाला इचारता नाय आलं?"

"चुकलं माझं, विठाताई."

"चुकलं तुमचं, पन भोगतीया ती." विठानं पदर खोचला. पाणी दिलं तेही न पिता निघून गेली. जिजा त्या आठवड्यात शाळेत आलीच नाही.

सत्काराचा कार्यक्रम शनिवारी होता. 'कला समन्वयक' म्हणून सुषमाबाईंना शाल-श्रीफळ मिळणार होतं आणि तालुक्यातल्या शिक्षकांना त्या मार्गदर्शन करणार होत्या. नाव पुकारलं गेलं. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पुन्हा पुकारलं. मॅडम माईकवर गोड आवाजात म्हणाल्या, "सुषमा मॅडमना आज जरा बरं वाटत नाहीये."

"मला काही झालेलं नाही," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. माईक नव्हता, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मला किळस आलीय. ती शाल कुंदाला द्या, कॅम्प चारला असते. सगळं तिनं काढलंय, डाव्या हातानं."

या वेळी कुणी हसलं नाही. समितीपुढचं तेच सत्य, पण आता पाहुण्यांच्या, पालकांच्या आणि कॅमेऱ्याच्या समोर बोललं गेलं होतं, म्हणून तो अपराध झाला. सोमवारी सकाळी बाईंना नवं वेळापत्रक मिळालं. पाचवी ते आठवीची चित्रकला बंद, तिथे शिष्यवृत्तीचे जादा तास. बाईंनी पहिलीचा वर्ग सांभाळायचा. आदर्श शाळेची पाटी त्याच दिवशी फाटकावर लागली. सुजित सर जिन्यात भेटले, "तुम्ही जरा घाई केलीत," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. बाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांच्या अंगाला अंग लागू नये म्हणून त्या भिंतीकडे सरकल्या, इतकंच.

पहिलीच्या वर्गात बसून बाईंनी चारदा राजीनाम्याचा विचार केला. मग गुरुवारी मधल्या सुट्टीत दारात जिजा उभी दिसली. शाळेच्या गणवेशात, तेल लावून चापून वेणी घातलेली.

"आलीस?"

"आत्यानं पाठवलं. बोलली, त्या बाईनं भर सभेत सांगितलं म्हनं." जिजा उंबऱ्यावर एका पायावर उभी होती. आत यावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. "तुमी मला आधी का नाय सांगितलं, बोलू नको म्हनून?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

जिजानं ते थोडा वेळ तोललं. माफ केलं असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. "आता आमचा चित्रकलेचा तास कोन घेनार?"

"गणिताच्या बाई."

"चित्रं काढून?"

"नाही. गणितं घालून."

जिजाचं तोंड असं झालं की जणू कुणी तिच्या डब्यात थुंकलं होतं. मग तिनं आत नजर टाकली. पहिलीची पोरं जमिनीवर पालथी पडून खडूनं काहीबाही गिरवत होती.

"शनिवारी शाळा सुटल्यावर आमी इथं बसलो तर चालंल?"

"इथे? या चिमण्या बाकांवर?"

"बसू की. मागं."

शनिवारी ती आली आणि तिच्यासोबत सातवीची आणखी चारजणं. बाकं एवढी बुटकी की सगळ्यांचे गुडघे छातीशी आले. पहिलीतलं एक पोर, ज्याची आई अजून न्यायला आली नव्हती, जिजाकडे बराच वेळ बघत राहिलं. मग जवळ जाऊन त्यानं विचारलं, "ताई, तू नापास झालीस?"

"हो," जिजा म्हणाली. "चित्रकलेत."

आणि त्याला बाकावर सरकायला सांगून ती त्याच्या शेजारी बसली.